नाटक छोटं करा, पातळ नको

अभिजात नाटकं कोणत्या वयाला शिकवावीत हा विषय निघाला की चर्चा ठरलेल्या रस्त्यानेच जाते. लहान मुलांना गोष्टरूपात सांगा, थोडी मोठी झाली की एखादा उतारा द्या, आणि अख्खं नाटक कॉलेजमध्ये, तेही ज्यांनी साहित्य हा विषय घेतलाय त्यांनाच. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, हळूहळू वर न्यायचं वगैरे. पण यात होतं काय की पहिल्याच टप्प्यावर नाटक गायब होतं आणि नुसती गोष्ट उरते. आणि गोष्ट एकदा कळली की पुढे कधीतरी तेच नाटक समोर आल्यावर पोरं म्हणतात, हे माहितीये आम्हाला, शेवटी सगळे मरतात. झालं, संपला विषय.

माझं म्हणणं एवढंच आहे की वय लहान असेल तर तुकडा छोटा घ्या, पण तो नाटकातलाच घ्या. पाच मिनिटांचा प्रवेश चालेल, आठ ओळी चालतील, फक्त त्या कोणीतरी कोणालातरी बोलतंय अशा ओळी पाहिजेत. एकाला काहीतरी हवंय आणि दुसरा ते देत नाहीये, एवढं उरलं पाहिजे. ते काढून टाकून "एक होता राजा" केलं की त्याला काहीही म्हणा, नाटक म्हणू नका.

हॅम्लेटचंच बघा. पूर्ण नाटक जवळपास 4,000 ओळींचं, शेक्सपिअरचं सगळ्यात लांब. ते नऊ वर्षांच्या मुलांना द्या असं कोणीच म्हणत नाहीये. पण त्याची सुरुवात बघा. मध्यरात्र, किल्ल्याच्या तटावर पहारा, कडाक्याची थंडी. एक शिपाई ड्यूटीवर आहे, दुसरा त्याला सोडवायला येतोय. पहिलंच वाक्य, "कोण आहे?" आणि गंमत अशी की हे विचारतो तो नवीन येणारा! विचारायचं काम खरं तर जो पहाऱ्यावर उभा आहे त्याचं. तो लगेच उलटून म्हणतो, मला काय विचारतोस, तू सांग तू कोण. बस, दोन ओळी. दोन मुलांना उभं करा, खोलीत अंधार करा, एकाला दारातून यायला सांगा. तीन-चार जोड्यांनी करून झालं की विचारा, येणाऱ्यानेच का विचारलं? कोणीतरी सांगतंच की तो घाबरलाय. कशाला घाबरलाय? त्याने आधी काहीतरी बघितलंय. म्हणजे भुतापर्यंत मुलं आपली आपण पोचतात आणि पोचल्यावर पुढचं ऐकायला त्यांना कोणी शांत बसा म्हणावं लागत नाही. गोष्टरूप हॅम्लेटमध्ये हे होऊच शकत नाही, कारण तिथे पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकलेलं असतं की मेलेल्या राजाचं भूत रात्री दिसत होतं.

ही गोष्टरूपाची प्रथा काही आजची नाही. चार्ल्स आणि मेरी लॅम या भावंडांनी 1807 मध्ये शेक्सपिअरच्या 20 नाटकांच्या गोष्टी लहान वाचकांसाठी लिहिल्या. पुस्तक सुंदर आहे, त्यांचा हेतूही चांगला होता, मुलांनी पुढे मूळ नाटकांकडे वळावं असंच त्यांनी प्रस्तावनेत म्हटलंय. पण बहुतेकांसाठी तीच सुरुवात झाली आणि तोच शेवट. पुढे दोनशे वर्षं जगभर जी "सोपी आवृत्ती" नावाची जमात पसरली तिचा नमुना हाच, आणि लॅम भावंडांचं गद्य तिच्यात कुठेच नाही, ते एक वेगळंच दुःख.

आता कोणी म्हणेल की लहान मुलांना खून, आत्महत्या, विश्वासघात हे सगळं कशाला. ठीक आहे, पण हे नक्की कोणाला झेपत नाहीये ते एकदा तपासून बघू. 1681 मध्ये नेहम टेट नावाच्या इसमाने किंग लिअर नव्याने लिहिलं. विदूषक काढून टाकला, मूळ नाटकात मरणाऱ्या लिअरच्या धाकट्या मुलीला, कॉर्डेलियाला, जिवंत ठेवलं, वर तिचं लग्न लावून दिलं आणि लिअरला राज्य परत मिळवून दिलं. हे गोड लिअर सुमारे दीडशे वर्षं इंग्लंडच्या रंगभूमीवर चाललं, मोठमोठ्या नटांनी केलं. आणि ते लहान मुलांसाठी नव्हतं, चांगल्या मोठ्या, तिकीट काढून येणाऱ्या माणसांसाठी होतं. डॉक्टर जॉन्सनसारख्या पंडिताने लिहून ठेवलंय की कॉर्डेलियाच्या मृत्यूने त्याला इतका धक्का बसला होता की संपादनासाठी वाचावं लागेपर्यंत तो शेवट त्याने पुन्हा वाचलाच नाही. ‘अ डॉल्स हाउस’ या नाटकाच्या शेवटी नोराने नवऱ्याचं घर सोडून जाणं जर्मनीतल्या एका नटीला पटेना म्हणून इब्सेनला 1880 मध्ये स्वतःच्याच नाटकाला दुसरा शेवट लिहून द्यावा लागला होता, आणि त्याचा त्याला कायम संताप होता. म्हणजे शेवट सहन न होणं हा आजार मोठ्यांचा आहे आणि औषध आपण मुलांना पाजतोय. लहान मुलं राक्षस आणि मरण असलेल्या गोष्टी रोज मागून मागून ऐकतात, त्यांना त्याची अडचण कधीच नव्हती.

मग वयाचा काहीच संबंध नाही का? आहे ना. पण तो भाषेच्या अवघडपणाशी किंवा रक्ताच्या थेंबांशी नाही, नाटकातला पेच त्या वयाच्या माणसाला स्वतःचा वाटतो का याच्याशी आहे. ऑथेल्लो मी दहा वर्षांच्या मुलांना देणार नाही. शेवटी बायकोचा गळा दाबतो म्हणून नाही, तर नवराबायकोतला संशय त्यांना फक्त ऐकून माहिती असतो, आतून नाही, म्हणून ती मुलं ते नाटक बाहेर उभं राहून बघतात आणि म्हणतात की हा माणूस येडा आहे, सरळ विचारत का नाही. बरोबरच आहे त्यांचं.

उलट भासाच्या नावावर असलेला मध्यमव्यायोग घ्या. एकांकीच आहे, छोटा, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांसाठी याच्याइतकं चपखल जुनं नाटक मला तरी माहीत नाही. एक ब्राह्मण, त्याची बायको आणि तीन मुलगे जंगलातून चाललेत, घटोत्कच आडवा येतो. त्याच्या आईचं उपासाचं पारणं आहे, तिला एक माणूस हवाय, एक मुलगा द्या, बाकीचे सुटाल. बाप म्हणतो मोठा माझा, त्याला नाही देणार. आई धाकट्याला कवटाळते. आणि मधला? मधला उभाच. त्याला कोणीच धरलेलं नाही. तो म्हणतो मी जातो.

हे वर्गात वाचायला लागलं की काय होतं ते बघण्यासारखं असतं. सुरुवातीला घटोत्कच कोणी व्हायचं यावरून मारामारी, मग गुरगुरण्याची स्पर्धा, आवाज, गोंधळ. आणि मग आईची ती ओळ येते, धाकट्याला जवळ घेतल्याची, आणि वर्गातली जी मधली मुलं असतात ना, दोन भावंडांच्या मधली, त्यांचे चेहरे बदलतात. एक मुलगी एकदा स्क्रिप्ट खाली ठेवून म्हणाली, "आणि मग तो काहीच बोलत नाही? रागावत नाही?" बाकीच्यांनी पुस्तकात शोधलं, की खरंच कुठे रागावलाय का. म्हणजे नऊ वर्षांची मुलं संहितेत पुरावा शोधत होती! एम.ए.ला हे करून घ्यायला नाकीनऊ येतात. नंतर त्या मधल्याला तहान लागते, तो पाणी प्यायला जातो, उशीर होतो, घटोत्कच "मध्यमा, ए मध्यमा" अशी हाक मारतो आणि येतो भीम, कारण तोही मधलाच. बाप आणि मुलगा समोरासमोर, आणि मुलाला बाप ओळखू येत नाहीये. आता याची गोष्ट करून सांगितली तर ही हाक मारण्याची जी मजा आहे ती कुठे राहील? ती हाक मोठ्याने मारावी लागते, दोनदा मारावी लागते.

इथेच एक उलटी समजूत आहे तीही सांगून टाकते. लहान मुलांना विनोदी नाटकं द्या, शोकांतिका मोठेपणी, असं सगळे धरून चालतात. माझा अनुभव बरोबर उलटा आहे. जुन्या नाटकातला विनोद बराचसा शब्दांवर असतो, त्या काळच्या म्हणींवर, त्या काळच्या टिंगलींवर, आणि तो विनोद समजावून सांगायला लागलो की मेला. एकेका कोटीखाली चार ओळींची टीप, मग मास्तर एकटेच हसणार आणि वर्ग त्यांच्याकडे बघणार. त्यापेक्षा मॅकबेथ सोपं. छोटं आहे, शेक्सपिअरच्या शोकांतिकांमधलं सगळ्यात छोटं, पहिल्याच पानावर चेटकिणी, मग एका माणसाला काहीतरी हवं असतं जे त्याचं नाही, आणि ते त्याला कळत असतं. यातलं कुठलं दहा वर्षांच्या मुलाला कळत नाही?

विनोद चालतो, पण तो प्रसंगाचा किंवा चुकीचा असला तर. मृच्छकटिकातला शकार त्यासाठी मस्त आहे. हा राजाचा मेहुणा, वसंतसेनेच्या मागे लागलेला, आणि स्वतःला भारी विद्वान समजतो, पण बोलताना सगळ्या पुराणकथांची भेसळ करतो. रामाला घाबरलेल्या द्रौपदीसारखी काय पळतेस, असं म्हणतो. रामायण आणि महाभारत माहीत असलेली सात वर्षांची मुलं सुद्धा तिथे फुटतात, कारण इतक्या मोठ्या माणसाला जे येत नाही ते त्यांना येतं. आणि त्याच नाटकातला शर्विलक, रात्री भिंतीला भोक पाडायला आलेला चोर, भिंतीसमोर उभा राहून विचार करतोय की भोक कुठल्या आकाराचं पाडावं, कमळासारखं की सूर्यासारखं की चंद्रकोरीसारखं, आणि मोजायची दोरी विसरलाय म्हणून जानव्यानेच माप घेतोय. हे मुलांना करून बघू द्या, खडूने भिंतीवर आकार काढू द्या. हाच चोर पुढच्या अंकात कळतं की प्रेयसीला दास्यातून सोडवायला चोरी करत होता, ते नंतर कधीतरी, सोळाव्या-सतराव्या वर्षी. नाटक तेच, तेव्हा त्यातला दुसरा तुकडा.

तेरा ते सतरा या वयाबद्दल मात्र जरा जास्त बोललं पाहिजे, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथे आहे. रोमिओ ज्युलिएटमधली ज्युलिएट अजून चौदाची व्हायची आहे, नाटकात तसं स्पष्ट सांगितलंय, आणि आपण तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना म्हणतो हे तुमच्या वयाचं नाही. पण त्याहून मोठी अडचण म्हणजे या वयाला आपण नाटक शिकवतो ते तात्पर्य काढण्यासाठी. अँटिगनी शिकवली की अँटिगनी बरोबर, क्रेऑन हुकूमशहा, लिहून घ्या. सोफोक्लीसने हे नाटक इ.स.पू. 441 च्या सुमारास लिहिलं आणि ते आजवर टिकलं ते काय एवढ्यासाठी? दोन भाऊ एकमेकांना मारून मेलेत. एक शहराच्या बाजूने लढला, दुसरा परकं सैन्य घेऊन शहरावर चालून आला. राजा, म्हणजे क्रेऑन, म्हणतो पहिल्याला सन्मानाने पुरा, दुसऱ्याला तसाच टाका, पुरेल त्याला मरण. त्यांची बहीण अँटिगनी म्हणते दोघेही माझेच भाऊ. आता राजाचं म्हणणं नीट ऐकलं तर ते मूर्खपणाचं नाहीये. घरादारावर चाल करून आलेल्याला आणि वाचवताना मेलेल्याला सारखंच वागवायचं का, हा प्रश्न खराच आहे. नेल्सन मंडेला तुरुंगात असताना कैद्यांनी हे नाटक केलं, त्यात मंडेलांकडे काम होतं क्रेऑनचं, आणि त्यांनी आत्मचरित्रात नोंदवलंय की सुरुवातीला क्रेऑन प्रामाणिक आहे, त्याच्या आधीच्या भाषणांत शहाणपण आहे. अन्यायी कायद्याखाली आत गेलेला माणूस राजाचं काम करताना हे बघतो! आणि आपण पंधरा वर्षांच्या मुलांना मात्र उत्तर आधीच डिक्टेट करतो.

माझी एक पद्धत आहे, सरसकट चालेल असं नाही म्हणत, पण वर्गातली जी सगळ्यात बंडखोर, कायम वाद घालणारी मुलगी किंवा मुलगा असेल त्याला क्रेऑन द्यायचा. आणि जो नेहमी नियम पाळतो त्याला अँटिगनी. दोघांचीही पहिली दहा मिनिटं वाईट जातात. मग बंडखोराला कळायला लागतं की सगळं शहर आपल्याकडे बघतंय, आणि आत्ता माघार घेतली तर उद्या कोणी ऐकणार नाही, आणि आवाज आपोआप चढतो. इस्मिनी, म्हणजे दुसरी बहीण, जी म्हणते मला हे झेपणार नाही, तिला सगळे सुरुवातीला भित्री म्हणतात. शेवटी कोणीतरी हळूच सांगतं की मी असतो तर इस्मिनीच असतो. हे वाक्य पंधराव्या वर्षी सगळ्यांसमोर बोलता येणं याला मार्क कसे देणार ते मला माहीत नाही, पण नाटक शिकवल्याचं चीज तिथे होतं.

आणखी एक जुनी युक्ती या वयाला फार लागू पडते. शेक्सपिअरच्या काळी नटाला पूर्ण संहिता मिळायचीच नाही. सगळं हाताने उतरवायचं, वेळ आणि पैसा दोन्ही जायचं, शिवाय संहिता बाहेर जायची भीती. म्हणून प्रत्येकाला फक्त स्वतःच्या ओळी आणि त्याच्या आधी दुसऱ्याच्या वाक्यातले शेवटचे दोन-तीन शब्द. कोण बोलणार, किती बोलणार, कधी बोलणार, काही माहिती नाही, कान देऊन ऐकत राहायचं. वर्गात असे कागद कापून द्या, बघा काय होतं. एरवी आपली ओळ येईपर्यंत मोबाईलमध्ये डोकं घालणारी मुलं समोरच्याच्या तोंडाकडे बघायला लागतात, कारण चुकलं तर सीनच अडतो. नाटक हे ऐकण्याचं काम आहे हे भाषण देऊन कधीच पटत नाही.

मोठ्यांबद्दल कोणी बोलतच नाही. जणू शिकायचं वय पंचविशीला संपतं. मी अधूनमधून नाट्यवाचनाचे ग्रुप चालवते आणि त्यात कॉलेजची पोरं, नोकरी-संसारवाले आणि रिटायर झालेले असे सगळे एकत्र बसवायला मला आवडतं, याचं कारण लिअर. टेटचा नाही, खरा. लिअर राज्य दोन मुलींना वाटून देतो आणि स्वतःकडे फक्त 100 सरदार ठेवतो, आळीपाळीने मुलींकडे राहायचं ठरतं. मग थोरली म्हणते 50 पुरेत. तो चिडून दुसरीकडे जातो, ती म्हणते 25 आणा. तेव्हा हा म्हातारा काय म्हणतो, थोरलीकडे वळून म्हणतो की मग मी तुझ्याकडेच येतो, 50 म्हणजे 25 च्या दुप्पट, म्हणजे तुझं प्रेम हिच्या दुप्पट. मग त्या दोघी मिळून, 25 तरी कशाला, 10 कशाला, 5 कशाला, आणि शेवटी, एक तरी कशाला हवाय?

हा प्रवेश वाचला की कॉलेजची पोरं त्या गुणाकाराला हसतात, आणि 10, 5 येईपर्यंत हसू बंद होतं, त्यांना तो अपमान कळतो, घरात आपली जागा आकड्यांनी कमी होत जाणं काय असतं ते त्यांना वेगळ्या कारणाने ठाऊक असतं. चाळिशीतले लोक मात्र, आणि हे मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा धक्कादायक वाटलं होतं, थोरल्या मुलीची बाजू घेतात. अहो, 100 माणसं घरात, दंगा करतात, नोकरांवर ओरडतात, कोण बघणार हे सगळं, ती चुकीचं काय बोलली? आणि खरंच, नाटकात तिची तक्रार अगदी तशीच लिहिलेली आहे, वाचताना आपण ती खलनायिका म्हणून उडवून लावतो एवढंच. आणि साठीच्या पुढचे काही वेळ काही बोलत नाहीत, मग एखादे काका म्हणतात, आधी सगळं नावावर करून द्यायला नको होतं त्याने. त्यावर एक बाई म्हणाल्या होत्या की नावावर करण्याचं नाही हो काही, प्रेम किती ते सगळ्यांसमोर बोलून दाखवायला लावलं तिथेच घोटाळा झाला. या तिन्ही वाचनांना नाटकात आधार आहे, आणि एकाच वयाच्या वर्गात यातलं एकच निघालं असतं. वीस वर्षांच्या मुलाने चाळीस वर्षांच्या बाईकडून थोरलीची वकिली ऐकली की त्याला खलनायक नावाची गोष्ट परत तितक्या सहज वापरता येत नाही. म्हणून मी तर म्हणते, शाळेत सुद्धा वर्षातून काही तास वरचा वर्ग आणि खालचा वर्ग एकत्र बसवून वाचायला काय हरकत आहे? पालकांना बोलवा की एखाद्या वाचनाला, मार्कशीट घ्यायला येतातच.

शाकुंतलात तर ही सोय नाटककारानेच करून ठेवलीय. सातव्या अंकातला तो छोटा मुलगा, सिंहाच्या बछड्याला म्हणतो तोंड उघड, मला तुझे दात मोजायचेत, हे सात वर्षांच्या मुलांचं. चौथा अंक, कण्व मुलीला सासरी पाठवतोय, हा ज्यांची मुलं घर सोडून गेलीत त्यांचा, तरुणांना तो खरं सांगायचं तर लांबलेला वाटतो आणि वाटू दे. आणि पाचवा अंक सोळा-सतराच्या मुलामुलींचा, राजा भर दरबारात म्हणतो मी हिला ओळखत नाही. इथे त्यांना एक गोष्ट जरूर सांगावी की महाभारतातल्या मूळ कथेत शाप नाही आणि अंगठीही नाही, तिथे राजाला सगळं आठवत असतं आणि तरी तो नाकारतो. शाप कालिदासाने आणला. का आणला? राजाला वाचवायला? की प्रेमात माणूस खरंच विसरतो म्हणून? एवढा एक प्रश्न टाकला की मागे टेकून बसायचं. जुन्या नाटकांत बायकांना वाईट वागवलंय, माणसांना जातीवरून धर्मावरून हिणवलंय, म्हणून शिकवूच नका असं म्हणणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे, की ते लपवू नका आणि त्यासाठी माफीही मागत बसू नका, त्यावर वर्गाला भांडू द्या. ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधल्या शायलॉकचं, त्या ज्यू सावकाराचं, काम करणाऱ्या मुलाला कोर्टाच्या सीननंतर विचारा की कसं वाटलं.

भाषेचं काय, हा प्रश्न येणारच. इथे मराठीतून शिकवणाऱ्यांची उगाच कुचंबणा होते. खरं तर अनुवादाचा फायदा आपल्याकडे आहे. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला चारशे वर्षांपूर्वीचीच इंग्रजी वाचावी लागते, आपल्याला मात्र दर पिढीला नवा हॅम्लेट करून घेता येतो. पण आपण काय करतो, जुना अनुवाद पवित्र मानून बसतो. आगरकरांचं विकारविलसित 1883 चं, त्या काळासाठी मोठंच काम होतं, पण आजच्या पंधरा वर्षांच्या मुलाला ते दिलं तर त्याला आधी आगरकरांची मराठी शिकावी लागेल आणि मग हॅम्लेट. वाक्य तोंडात बसत नसेल तर वर्गातच बदलून घ्या. हे पातळ करणं नव्हे. शब्द नवे आले, वाक्य तुटलं, तरी भांडण शाबूत असलं तर नाटक शाबूत आहे. भाषा तशीच जुनी भारदस्त ठेवून पेच मात्र काढून टाकलाय अशी शालेय रूपांतरंही मी बघितलीत, सगळे एकमेकांशी अत्यंत आदराने बोलतात आणि कोणालाच काही नको असतं.

शिक्षक म्हणतात आम्हाला अभिनय येत नाही. कोणी सांगितलाय? उलट ज्यांना येतो ते घात करतात, सगळी स्वगतं स्वतःच म्हणून दाखवतात आणि मुलं टाळ्या वाजवतात. आणि गॅदरिंगचं नाटक म्हणजे नाटक शिकवणं नाही, तिथे निम्मा वेळ दाढ्या-मिशा आणि भाड्याच्या कपड्यांत जातो. फ्रान्समध्ये रासीन या नाटककाराने 1689 मध्ये सँ-सीरच्या शाळेतल्या मुलींसाठी एस्थर लिहिलं, त्याचे प्रयोग इतके गाजले की राजा काय, दरबार काय, सगळे बघायला लोटले, आणि शाळेला काळजी पडली की मुलींच्या डोक्यात हे काय शिरतंय. म्हणून पुढचं नाटक आताली 1691 मध्ये तयार झालं तेव्हा ते रंगमंच आणि वेशभूषा न घेता साध्या कपड्यांत केलं. आणि आज बरेच जण ते त्याचं सर्वोत्तम नाटक मानतात. शाळेतल्या मुलींनी, साध्या कपड्यांत, एका खोलीत. एवढंच तर मागतोय.

राहता राहिली परीक्षा. सगळं ठीक आहे हो, पण पेपरमध्ये स्वभावचित्र विचारतात, असं प्रत्येक शिक्षक म्हणतो आणि त्यात तथ्य आहे. जोपर्यंत "क्रेऑनचे स्वभावचित्र रेखाटा" हा 6 मार्कांचा प्रश्न आहे तोपर्यंत गाईड विकली जाणार आणि क्रेऑन हट्टी, अहंकारी, पण शेवटी पश्चात्तापदग्ध असाच राहणार. मग प्रश्न बदला. पेपरमध्ये एक पानभर प्रवेश छापा, न शिकवलेला चालेल, आणि विचारा की प्रयोग लांबतोय, यातल्या तीन ओळी कापायच्या आहेत, कुठल्या कापाल आणि कुठल्या काही झालं तरी कापू देणार नाही, कारण द्या. किंवा एक वाक्य द्या आणि विचारा की हे बोलताना समोरच्याकडे बघून बोलायचं की नजर चुकवून, आणि ते कशावरून ठरवलं. बारा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न घालता येतो आणि एम.ए.लाही घालता येतो, उत्तर आपोआप वयाप्रमाणे येतं. तपासायला वेळ लागेल, तयार उत्तरपत्रिका मिळणार नाही, हे मान्य. दोन शिक्षकांचे मार्क वेगळे येतील, हेही मान्य, त्यांनी स्टाफरूममध्ये बसून भांडावं.